प्रवासातला जिन बनवण्याचा वर्ग: निवड, तयारी आणि प्रत्यक्ष काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहलीतला अर्धा दिवस जिन बनवण्याच्या वर्गासाठी राखून ठेवणे योग्य ठरेल का, जाहिरातींत सारख्याच दिसणाऱ्या या वर्गांमध्ये नेमका फरक कशात असतो, आणि स्वतः तयार केलेली बाटली घरापर्यंत नीट कशी न्यावी? मी व्यवसायाने जिन तयार करतो आणि प्रवाशांसाठी असे वर्गही घेत आलो आहे. माझे मत असे की वर्ग अवश्य करावा, पण तो बाटलीच्या हव्यासाने करू नये. तेवढ्याच किंवा त्याहून कमी खर्चात अनुभवी कारागिराच्या हातची अधिक चांगली जिन विकत मिळू शकते. वर्गातून जे मिळते ते मात्र विकत घेता येत नाही: मिसळलेल्या वासांतून एकेक सुगंध वेगळा ओळखणे, त्यांतला कोणता घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे स्वतः ठरवणे, आणि त्या निर्णयाचा परिणाम दोन-तीन तासांत स्वतःच्या जिभेवर तपासून पाहणे. त्यामुळे वर्ग निवडण्याची माझी कसोटी एकच आहे. तिथे निर्णय कोण घेतो, तुम्ही की शिकवणारा?

आधी वर्गात काय घडते आणि काय घडत नाही हे स्पष्ट असू द्यावे. जिन म्हणजे मुख्यतः जुनिपर या सदाहरित झुडपाच्या फळांनी सुगंधित केलेले न्यूट्रल स्पिरिट. धान्य, बीट किंवा उसाची मळी आंबवून आणि पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून मिळवलेले हे स्पिरिट साधारण ९६ टक्के अल्कोहोलचे असते आणि त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. ते डिस्टिलरीत तयारच येते; आंबवण्याची क्रिया वर्गात होत नाही. म्हणजे तुम्ही अल्कोहोल बनवायला जात नसून त्याला सुगंध द्यायला जाता, आणि वर्गाचा सगळा वेळ त्या एका कामावर खर्च व्हावा हे योग्यच आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाटलीतल्या जिनमध्ये किमान ३७.५ टक्के अल्कोहोल आणि चवीत जुनिपरचे प्राधान्य असावे लागते. अमेरिकेत ही किमान मर्यादा ४० टक्के आहे. ‘लंडन जिन’ जगात कोठेही बनवता येते, मात्र तिचा सगळा सुगंध ऊर्ध्वपातनातूनच यावा लागतो, नंतर रंग घालता येत नाही आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमच्या वर चालत नाही. वर्गात तुम्ही जे बनवाल ते या चौकटीत बसते का, हे शिकवणाऱ्याला जरूर विचारावे. त्याच्या उत्तरावरून त्याची स्वतःची जाणही कळते.

प्रवाशांसाठीचे वर्ग प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात प्रत्येकाला किंवा प्रत्येक जोडीला एक-दोन लिटरचे तांब्याचे छोटे स्टिल, म्हणजे ऊर्ध्वपातनाचे पात्र, दिले जाते. सुगंधी द्रव्ये निवडायची, तोलायची, स्पिरिटात घालायची, तापवायची आणि नळीतून थेंब-थेंब येणारा अर्क गोळा करायचा, असे ते काम असते. दुसऱ्या प्रकारात डिस्टिलरीने जुनिपर, धने, लिंबाची साल, वेलदोडा अशा प्रत्येक द्रव्याचा अर्क आधीच वेगवेगळा काढून ठेवलेला असतो आणि तुम्ही मोजनळीने त्यांचे मिश्रण करता. तिसऱ्या प्रकारात ऊर्ध्वपातन नसतेच. बरणीत स्पिरिट आणि मसाले एकत्र भिजत घालायचे, गाळायचे आणि बाटलीत भरायचे.

यांतला पहिला खरा आणि बाकीचे नकली, असे अनेकांना वाटते. मी तसे मानत नाही. छोट्या स्टिलमध्ये तुम्हाला एकच संधी असते. वेलदोडा जास्त झाला तर तो बाटलीत जास्तच राहतो. उलट मिश्रणाच्या वर्गात लहान-लहान नमुने करून चार-पाच वेळा पाककृती बदलता येते, आणि प्रमाणातल्या अल्प फरकाने चव किती सरकते हे त्यातच सर्वांत लवकर उमगते. ज्याला चवीचे शिक्षण हवे आहे त्याच्यासाठी चांगला मिश्रणाचा वर्ग अधिक लाभदायक ठरू शकतो. मात्र उष्णता, वाफ आणि थंड होऊन टपकणारा अर्क यांचा अनुभव त्यात नाही, आणि प्रवासात एकदाच असा वर्ग करणार असाल तर तो अनुभव सोडू नये असेच मी सांगेन. भिजवण्याच्या वर्गाचा वेळ थोडा असतो आणि तिथे शिकायलाही थोडेच मिळते; तो तासाभराचा विरंगुळा म्हणून घ्यावा.

आता सुगंधी द्रव्यांकडे वळतो, कारण वर्गाचा गाभा तिथे आहे. डिस्टिलरीत त्यांना बोटॅनिकल्स म्हणतात. टेबलावर वीस-तीस बरण्या मांडलेल्या असतात आणि बहुतेक जण घाईघाईने पुष्कळशा उघडून वास घेतात. त्यापेक्षा पहिली दहा मिनिटे केवळ जुनिपरला द्यावीत. जुनिपरची ‘फळे’ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मांसल शंकू असतात आणि ती पिकायला दोन-तीन वर्षे घेतात, त्यामुळे एकाच झुडपावर हिरवी आणि निळसर-काळी फळे एकत्र दिसतात. एक फळ बोटांत चुरडून हुंगावे. आधी पाइनच्या चिकासारखा तीव्र वास येतो. त्यामागे अल्फा-पायनीन हे संयुग असते. थोडे थांबल्यावर त्याखाली फळाची गोडसर, किंचित मिरीसारखी छटा जाणवते. मग दुसऱ्या प्रदेशातले जुनिपर मागून तेही चुरडावे. व्यापारातले बरेचसे जुनिपर इटली आणि बाल्कन प्रदेशातून येते, आणि जमीन व हवामान बदलले की चिकाचा वास आणि गोडवा यांचा तोल बदलतो. दोन प्रदेशांचे जुनिपर शेजारी ठेवणारा वर्ग गंभीरपणे चालवलेला आहे, असे खुशाल समजावे.

जुनिपरनंतर धने. धन्यात लिनालूल हा मुख्य सुगंधी घटक असतो आणि तो जिनमध्ये लिंबूवर्गीय, किंचित फुलांसारखा होऊन उतरतो. स्वयंपाकातल्या धन्याची ओळख मनातून काढून टाकल्याशिवाय तो नाकाला सापडत नाही. बारीक दाण्याच्या धन्यात मोठ्या दाण्याच्या धन्यापेक्षा तेलाचे प्रमाण साधारणतः अधिक असते, म्हणून वजन ठरवताना दाणा कोणता आहे हे पाहावे लागते. तिसरे अँजेलिका या वनस्पतीचे मूळ: कोरडे, मातकट, कस्तुरीची छटा असलेले. चौथे ऑरिस, म्हणजे आयरिसच्या फुलझाडाचे वाळवलेले कंद. ते काढल्यावर वर्षानुवर्षे साठवले जातात, तेव्हा कोठे त्यांत व्हायोलेटच्या फुलासारखा सुगंध तयार होतो. अँजेलिका आणि ऑरिस इतर सुगंधांना धरून ठेवतात असे आमच्या व्यवसायात परंपरेने मानले जाते. मला स्वतःला ती दोन्ही द्रव्ये धरून ठेवण्यापेक्षा चवीला तळ देण्यासाठी अधिक उपयोगी वाटतात: ती काढून टाकली की जिन तोंडात सुरुवातीला छान लागते आणि लगेच विरून जाते.

या चौघांवर एक लिंबूवर्गीय साल चढवली की अभिजात जिनचा सांगाडा पूर्ण होतो. त्यापुढे तुमच्या पसंतीची दोन, फार तर तीन द्रव्ये घ्यावीत, आणि इथे माझा आग्रह मोठा आहे. कंकोळ, वेलदोडा, दालचिनी, ज्येष्ठमध, गुलाबपाकळ्या, लव्हेंडर, आले, चहाची पाने असे समोर मांडलेले असताना प्रत्येकातले थोडे-थोडे घ्यावेसे वाटते, आणि मग परिणाम असा होतो की बाटलीतली जिन ‘मसालेदार’ यापलीकडे कोणत्याही शब्दात सांगता येत नाही. सहा-सात द्रव्यांच्या जिनमध्ये प्रत्येकाला बोलायला जागा मिळते. मोठ्या नावांच्या जिनमध्येही दहा-बारा द्रव्ये असतात हे खरे, पण तिथे त्यांचा तोल साधायला खूप काळ आणि असंख्य चाचण्या खर्ची पडलेल्या असतात. तुमच्या हाती एक दुपार आहे.

काय वाफेबरोबर वर येते आणि काय पात्रातच राहते, हे कळले की अर्धी निवड आपोआप सुधारते. वाफेवर स्वार होतात ते बाष्पनशील घटक, म्हणजे मुख्यतः सुगंधी तेले. साखर, मीठ, रंग, मिरचीचा तिखटपणा आणि बहुतेक कडू द्रव्ये मागेच राहतात. म्हणून मिरची घातली तर अर्कात मिरचीचा ताजा, हिरवा वास येऊ शकतो, पण जीभ भाजत नाही. ज्येष्ठमधाची गोडी ज्या ग्लिसरायझिनमुळे असते ते संयुगही वर येत नाही. जास्वंदीचा लाल किंवा गोकर्णीचा निळा रंग हवा असेल तर ती फुले ऊर्ध्वपातनानंतर भिजवावी लागतात, आणि मग ती लंडन जिन राहत नाही. स्ट्रॉबेरीसारखी रसाळ फळे उष्णतेत शिजून मुरंब्याच्या वासाची होतात. ताजेपणा हवा असेल तर त्यांच्या वाट्याला जाऊ नये. काही नाजूक सुगंध मोठे उत्पादकही नंतरच मिसळतात. स्कॉटलंडमधील गर्व्हन येथे बनणाऱ्या हेंड्रिक्स जिनमध्ये गुलाब आणि काकडीचे अर्क ऊर्ध्वपातनानंतर घातले जातात, हे याचे सर्वज्ञात उदाहरण आहे.

प्रमाणाबद्दल अनेक जण संकोचाने विचारतात, म्हणून एक सुरक्षित आरंभबिंदू देतो. ७०० मिलिलिटरची एक बाटली भरायची असेल आणि स्टिलमध्ये ५० टक्क्यांचे सुमारे ७०० मिलिलिटर स्पिरिट असेल, तर जुनिपर १५ ग्रॅम, धने ६ ते ७ ग्रॅम, अँजेलिका १ ग्रॅम, ऑरिस अर्धा ग्रॅम आणि वाळवलेली साल १ ग्रॅम घ्यावी. जुनिपरचे वजन एकूण वजनाच्या निम्म्याहून अधिक राहील याकडे लक्ष द्यावे, नाहीतर जी चव तयार होईल ती चांगली असूनही जिनची असणार नाही. वेलदोडा घ्यायचाच तर एकच, दाणे ठेचून. लव्हेंडरच्या चार-पाच कळ्या पुरतात. त्यापुढे साबणाची आठवण होऊ लागते. तराजू ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा असावा, आणि शिकवणारा चिमटीने द्रव्ये टाकायला सांगत असेल तर नम्रपणे तराजू मागून घ्यावा, कारण नंतर तीच पाककृती पुन्हा करायची झाली तर चिमटीची नोंद कोणाच्याच उपयोगाची नसते.

वास घेत असताना नाक थकते आणि सगळे सारखे वाटू लागते. अशा वेळी कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत अनेक ठिकाणी दाखवतात, पण मोकळ्या हवेत दोन मिनिटे उभे राहण्याहून तिचा अधिक उपयोग नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे आल्याबरोबर हातात दिला जाणारा जिन-टॉनिकचा ग्लास पाककृती पक्की होईपर्यंत बाजूला ठेवावा. यजमान ते प्रेमाने देतात याबद्दल शंका नाही, परंतु जी चव तुम्हाला शोधायची आहे तिच्यावर दुसऱ्या कोणाच्या जिनची छाप आधीच पडते. त्या दिवशी अत्तर, सुगंधी लोशन किंवा तीव्र वासाचे तेल लावू नये. तुमच्यापेक्षा शेजारी बसलेल्याचे त्यात अधिक नुकसान होते.

ऊर्ध्वपातनाचा तास हा माझ्या मते संपूर्ण वर्गाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे, आणि नेमक्या याच वेळी अनेक वर्गांत लोकांना फेरफटका मारायला किंवा माहितीपट पाहायला नेले जाते. शक्य असेल तर स्टिलपाशीच बसावे. शुद्ध अल्कोहोल ७८.३ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना. ५० टक्क्यांचे मिश्रण या दोहोंच्या मधे, ८० अंश ओलांडल्यावर उकळू लागते. वाफेत अल्कोहोलचे प्रमाण द्रवापेक्षा जास्त असते, म्हणून पहिला अर्क ८० टक्क्यांच्या आसपास येतो आणि पुढे हळूहळू उतरत जातो. या उताराबरोबर सुगंधही बदलत जातात. सुरुवातीला लिंबूवर्गीय हलकी तेले येतात, मग जुनिपर आणि धने भरात येतात, आणि शेवटाकडे मुळे, साली, मसाले यांचे जड वास. दर काही मिनिटांनी एक थेंब तळहातावर घेऊन, चोळून हुंगावा. ज्या क्षणी लिंबाची साल मागे सरते आणि जुनिपर पुढे येते तो क्षण एकदा स्वतः अनुभवला की पुढे कोणत्याही जिनचा पहिला घोट आणि मागे राहणारी चव यांतला फरक तुम्हाला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

गती मंद असावी. आच वाढवून काम लवकर उरकणाऱ्या वर्गात हे टप्पे एकमेकांत मिसळून जातात, आणि पात्र लहान असल्याने तसे होण्याचा धोका मुळातच अधिक असतो. थेंब मोजता येतील इतका संथ प्रवाह हवा. काही डिस्टिलऱ्यांत द्रव्ये स्पिरिटात न बुडवता वर जाळीच्या टोपलीत ठेवतात आणि वाफ त्यांतून जाते. त्यामुळे फुलांचे आणि पानांचे नाजूक सुगंध शिजत नाहीत. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात लेव्हरस्टोक मिल येथे बॉम्बे सफायर ही जिन याच तत्त्वाने बनते. तुमच्या वर्गातल्या छोट्या स्टिलला अशी टोपली असेल तर गुलाबपाकळ्या किंवा पुदिना तिथे ठेवावा आणि जुनिपर, धने, मुळे खाली स्पिरिटात. लंडनमधल्या बीफईटरसारखी डिस्टिलरी द्रव्ये ऊर्ध्वपातनापूर्वी २४ तास भिजवून ठेवते; वर्गात तेवढा वेळ नसल्याने जुनिपर आणि धने ठेचून घ्यावे लागतात.

अर्काचे तीन भाग करतात: पहिला काढून टाकायचा, मधला ठेवायचा, शेवटचा पुन्हा बाजूला करायचा. आमच्या बोलीत हेड्स, हार्ट्स आणि टेल्स. पहिल्या भागाचे नाव निघताच कोणीतरी मेथनॉल या विषारी अल्कोहोलची भीती बोलून दाखवतो, आणि ती भीती समजण्यासारखी आहे. पण मेथनॉल तयार होते ते आंबवताना, आणि इथे आंबवणे नाहीच. आधीच शुद्ध केलेले स्पिरिट आपण वापरतो. लंडन जिनसाठी वापरायच्या अल्कोहोलमध्ये तर १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे ५ ग्रॅमच्या वर मेथनॉल चालत नाही. जिनच्या बाबतीत पहिले काही मिलिलिटर वेगळे काढण्याचे कारण चवीचे आहे: त्यांत अतितीव्र तेले आणि नळीत राहिलेला मागच्या खेपेचा अंश असतो. शेवट कोठे करायचा हा मात्र खरा निर्णय. माझ्या हाताखाली लहान स्टिलवर अर्क ६० टक्क्यांच्या खाली उतरू लागला की मी शिकणाऱ्याला सावध करतो, परंतु आकड्यापेक्षा नाकावर विसंबायला सांगतो. उकडलेल्या पाल्यासारखा, ओलसर लाकडासारखा वास आला की थांबावे. कोणी मधेच येऊन तुमच्या वतीने नळीखालचे भांडे बदलत असेल, तर त्यालाच विचारावे की आत्ता का बदलले. चांगला शिक्षक या प्रश्नाने खूश होतो.

स्टिलमधून आलेला अर्क साधारण ७५ टक्क्यांचा असतो आणि तो तसा पिऊ नये. चव पाहायचीच तर पाणी घालून २० टक्क्यांपर्यंत उतरवावी. तेव्हाच दोष उघडे पडतात. बाटलीसाठी हिशेब सोपा आहे: ७५ टक्क्यांचा ३९२ मिलिलिटर अर्क ४२ टक्क्यांवर आणला की ७०० मिलिलिटर जिन होते. अल्कोहोल आणि पाणी मिसळले की एकूण आकारमान थोडे घटते, म्हणजे ५० मिलिलिटर आणि तेवढेच पाणी यांचे १०० न होता सुमारे ९६-९७ मिलिलिटर होतात. म्हणून अखेरची भर खुणेपर्यंत बघूनच घालावी. पाणी क्षारविरहित असावे आणि हळूहळू घालावे. टक्केवारी किती ठेवायची याचा पर्याय मिळाला तर ३७.५ वर उतरण्याऐवजी ४२ ते ४५ च्या दरम्यान राहावे, कारण सुगंधी तेले अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात आणि टक्केवारी घटली की त्यांची पकडही सैल होते.

सुरक्षेचा विषय थोडक्यात, पण तडजोड न करता. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि पेट घेते. खोली हवेशीर असावी, पात्रे विजेच्या बंद शेगडीवर तापवावीत, अग्निशामक समोर दिसावा. अर्धा डझन स्टिल उघड्या ज्योतीवर आणि खिडक्या बंद, असे दृश्य दिसले तर पैसे गेले तरी परत फिरावे. गरोदर स्त्रियांनी आणि अल्कोहोलशी न जुळणारी औषधे चालू असलेल्यांनी चव न घेता केवळ वासाच्या आधारे पाककृती करावी, हे पूर्णपणे शक्य आहे. वास हाच या कामाचा मोठा हिस्सा आहे. काही पाककृतींत बदाम असतात, म्हणून ॲलर्जी आधी सांगावी. रानातून जुनिपर तोडून आणणारे वर्ग रम्य असतात, पण तिथे जाणकार माणूस सोबत असलाच पाहिजे, कारण सबिना नावाची जुनिपरचीच एक जात विषारी आहे.

सहलीत हा वर्ग केव्हा करावा? बहुतेक जण तो शेवटच्या दिवशी ठेवतात, कारण बाटली वाहून न्यावी लागत नाही. मी उलटे सुचवतो: पहिल्या दोन-तीन दिवसांत करावा. त्यानंतर त्या प्रदेशात जी जिन चाखाल ती शिकलेल्या नाकाने चाखाल. नेदरलँड्समधील स्कीडाम किंवा बेल्जियममधील हॅसेल्ट येथील येनेव्हर संग्रहालये, १७९३ पासून चालत आलेली इंग्लंडमधील प्लिमथची ब्लॅक फ्रायर्स डिस्टिलरी, स्पेनच्या मिनोर्का बेटावरच्या माओनची जिन, या सगळ्यांचा अर्थ आधी वर्ग केला असेल तर कितीतरी पटीने खुलतो. येनेव्हर हे जिनचे पूर्वज असलेले मद्य आहे आणि त्यात धान्याच्या माल्टपासून काढलेला अर्क असतो. एकदा न्यूट्रल स्पिरिटावर काम केलेल्या माणसाला त्यातली धान्याची चव लगेच वेगळी काढता येते. वर्गांत सांगितल्या जाणाऱ्या इतिहासाबाबत मात्र जपून असावे. डच वैद्य फ्रान्सिस्कस सिल्व्हियस याने जिन शोधली असे अजूनही सांगितले जाते, पण त्याचा जन्म १६१४ चा आणि जुनिपरयुक्त मद्याच्या नोंदी त्या प्रदेशात त्याच्या आधीपासूनच्या आहेत.

वेळ सकाळची घ्यावी, पोटभर खाऊन जावे आणि परतताना स्वतः गाडी चालवू नये. नोंदणीपूर्वी संयोजकांना विचारण्यासारखे प्रश्न मोजके आहेत: एका स्टिलवर किती जण, द्रव्ये आणि त्यांचे वजन मी ठरवणार की तयार पाकीट मिळणार, शिकवणारी व्यक्ती तिथे प्रत्यक्ष जिन बनवते का, आणि अर्काचे वेगवेगळे टप्पे हुंगायला मिळतील का. तीन तासांपेक्षा कमी वेळात स्टिलचा वर्ग नीट होत नाही. चौघांना एक स्टिल असेल तर निर्णय एकाचा आणि इतर तिघे प्रेक्षक, असेच होते. अशा वेळी मिश्रणाचा वर्ग पत्करावा.

बाटली नेण्याबद्दल. विमानात सामान्य नियम असा आहे की २४ ते ७० टक्के अल्कोहोलचे पेय नोंदवलेल्या सामानात प्रत्येकी एकूण ५ लिटरपर्यंत, आणि तेही किरकोळ विक्रीच्या वेष्टनात, नेता येते; ७० टक्क्यांवरचे मुळीच नाही. म्हणून पाणी न घातलेला अर्क सोबत मागू नये. बाटलीला पक्के झाकण, त्यावर सील आणि टक्केवारी लिहिलेले लेबल आहे याची खात्री वर्गातच करून घ्यावी. पोहोचण्याच्या देशाची करमुक्त मर्यादाही पाहावी. उदाहरणार्थ, युरोपीय संघात बाहेरून येताना २२ टक्क्यांवरचे मद्य प्रौढ प्रवाशाला १ लिटरपर्यंतच करमुक्त आणता येते. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे: वर्गातून परतल्यावर छोटे स्टिल विकत घेऊन घरी हेच करण्याची इच्छा होते, परंतु ब्रिटन आणि अमेरिकेसह बहुतेक देशांत परवान्याशिवाय घरी मद्याचे ऊर्ध्वपातन करणे बेकायदा आहे. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरते ते करण्यास मुभा दिली, पण तो अपवाद आहे. वर्गात तुमच्या पाककृतीला क्रमांक दिला असेल तर तो मात्र जपून ठेवावा. अनेक डिस्टिलऱ्या ती नोंद ठेवतात आणि पुढे तीच जिन मागणीनुसार करून देतात.

घरी आल्यावर बाटली लगेच उघडू नये. ताज्या अर्कात सुगंध एकमेकांपासून सुटे आणि टोकदार असतात. दोन आठवड्यांत ते मिसळून येतात आणि तेव्हाच तुमच्या पाककृतीबद्दल मत बनवावे. कधी कधी जिन पाणी घालताना किंवा थंड केल्यावर दुधी दिसू लागते. ती बिघडलेली नसते: सुगंधी तेले जास्त आणि अल्कोहोल कमी झाल्याने तेलाचे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात, इतकेच. वर्गातच असे दिसले तर टक्केवारी दोन-तीन अंकांनी वाढवून घ्यावी. घरी दिसले तर बाटली फ्रीझरऐवजी कपाटात ठेवावी, आणि पुढच्या खेपेसाठी मागणी नोंदवताना लिंबूवर्गीय साल व जुनिपर थोडे कमी करायला सांगावे.